तुयेची नदी आणि चार जोड

मोपाचा विमानतळ झाल्यापासून गोव्याला जाणाऱ्यांची एक गंमत झाली आहे. विमान उतरतं ते थेट पेडणे तालुक्यात, आणि बहुतेक जण तिथून टॅक्सी करून तालुका ओलांडून कळंगुट-बागा गाठतात. ज्या तालुक्यात पहिलं पाऊल टाकलं, तो बघायचा राहूनच जातो. म्हणून यंदा आपल्या अंकासाठी त्याच तालुक्यातल्या एका गावाबद्दल लिहायचं ठरवलं. गावाचं नाव तुये. माझं आजोळ.

गाव आणि नदी

पेडणे १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेलं. तोपर्यंत ते सावंतवाडीकर भोसल्यांचं होतं. त्यामुळे गोव्याच्या जुन्या काबिजादींपेक्षा इथली हवा वेगळी आहे. घरात कोंकणी, देवळात मराठी भजन, शाळेत मराठी पुस्तक आणि बाजाराला म्हापसा किंवा सावंतवाडी, असा सगळा मामला. माझा मामा इथल्याच मराठी प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाला. आता तो चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे.

तुयेची ओळख हल्ली दोन गोष्टींवरून सांगतात. एक म्हणजे औद्योगिक वसाहत आणि तिच्या जोडीला आलेली इलेक्ट्रॉनिक सिटी, दुसरी म्हणजे इस्पितळ. माझ्यासाठी मात्र तुये म्हणजे शापोरा नदी. हीच नदी वर महाराष्ट्रात, दोडामार्गात, तिळारी म्हणून ओळखली जाते. गोव्यात उतरल्यावर कोलवाळच्या पुलाखालून ती येते. तुयेच्या समोर, पलीकडच्या काठावर, बार्देशातलं कामुर्ली. पुढे पार्से, आगरवाडा, चोपडे आणि मग मोरजीपाशी समुद्र. आगरवाडा हे नावच मिठागरांवरून पडलेलं.

तुयेपर्यंत समुद्राची भरती चढते. पाणी दिवसातून दोनदा वर येतं, दोनदा खाली जातं. काठाला खारफुटी, तिच्यामागे मातीचे बांध आणि बांधामागे खाजनं. खाजन म्हणजे खाडीपासून बांध घालून राखलेली सखल शेती. बांधात जागोजागी लाकडी दारं असतात, त्यांना मानस म्हणतात. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच मानशीचं दार बंद होतं, ओहोटी लागली की आतल्या पाण्याने आपोआप उघडतं. ना मोटर, ना सेन्सर. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. इतकी वर्षं बिनबोभाट चालणारी ऑटोमेशन सिस्टिम मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

मानस उघडली की आतली बारीक मासळी आणि कोळंबी प्रवाहाबरोबर बाहेर येते, आणि तोंडाशी मोठे मासे टपलेले असतात. चणक, म्हणजे आपल्या रायगडकडचा जिताडा. तांबोशी. कधी गोबरा. गळाने मासे धरायला इकडे गरवणं म्हणतात, गळाला गरी. आणि गरवायला जायची जागा म्हणजे अशी मानस किंवा खारफुटीचा कोपरा.

दोर जड, माशी हलकी

आपल्यापैकी काही जणांना ठाऊक असेल, मी इथे सिएटलजवळ राहायला आल्यावर फ्लाय फिशिंग शिकलो. स्नोक्वाल्मीची खिंड ओलांडली की दोन तासांत याकिमा नदी लागते. तिथे ट्राउट धरायचे आणि सोडून द्यायचे. मागच्या डिसेंबरात तुयेला जाताना सामानात चार तुकड्यांचा रॉड घेऊन गेलो. मामाने सोप्यावर बसून सगळं सामान हातात घेऊन पाहिलं आणि विचारलं, "हें कितें? दोर व्हड आनी गरी ल्हान?"

प्रश्न अगदी बरोबर होता. नेहमीच्या गरवण्यात शिशाचं वजन फेकलं जातं आणि तंगूस त्याच्यामागे जातो. फ्लाय फिशिंगमध्ये उलट. पिसं आणि केस बांधून केलेल्या माशीला वजन जवळजवळ नसतंच, म्हणून वजन दोरात ठेवलेलं असतं. आतमध्ये विणलेला गाभा आणि वर प्लॅस्टिकचा लेप, असा हा जाडसर दोर. त्याचे नंबर वजनावरून ठरतात. मी नेलेला दोर आठ नंबरचा, म्हणजे त्याच्या पहिल्या ३० फुटांचं वजन २१० ग्रेन, सुमारे साडेतेरा ग्रॅम. हवेत हा दोर उलगडत जातो आणि टोकाला माशी घेऊन पोचतो.

पण एवढा जाड रंगीत दोर थेट माशाच्या तोंडापाशी नेला तर मासा पळेल, आणि त्याला माशी बांधताही येणार नाही. म्हणून मध्ये पारदर्शक तंगूस लागतो. त्याला लीडर म्हणतात. दोराकडच्या बाजूला तो जाड असतो आणि माशीकडे बारीक होत जातो. ट्राउटसाठी साधारण नऊ फूट लांब, टोकाला ०.१५ मिलिमीटर इतका बारीक. तुयेच्या पाण्यात त्याचा उपयोग नाही. चणकेचं तोंड आतून कानशीसारखं खरखरीत असतं आणि गालाच्या पात्याला धार असते. तांबोशी गळ लागताच खारफुटीच्या मुळांत शिरते, आणि त्या मुळांना कालवं चिकटलेली असतात. म्हणून मी लीडर आखूड ठेवला, सुमारे सात फूट. दोराकडे ५० पौंडांचा, मध्ये ३० पौंडांचा आणि माशीजवळ फूटभर पुन्हा ४० पौंडांचा तुकडा, घासाला टिकावा म्हणून.

आता खरा प्रश्न राहतो तो दोर आणि लीडर यांच्या जोडाचा. हा जोड नीट नसेल तर दोन गोष्टी बिघडतात. दोर उलगडताना त्याचा जोर लीडरमध्ये उतरत नाही, जोड बिजागरीसारखा दुमडतो आणि माशी मध्येच गळून पडते. दुसरं म्हणजे, मासा लागल्यावर तिथेच सुटतं, आणि मासा तोंडात गळ आणि मागे सात फूट तंगूस घेऊन निघून जातो. मासा खायचा असो की सोडायचा असो, त्याला अशा अवस्थेत सोडणं कुणालाच पटणारं नाही. आमच्या धंद्यातही हाच अनुभव. दोन चांगले भाग बहुतेक वेळा त्यांच्या सांध्यापाशीच तुटतात.

चार जोड

पहिला, खिळ्याची गाठ, म्हणजे नेल नॉट. सगळ्यात जुनी आणि भरवशाची. दोराचं टोक, एक बारीक नळी आणि लीडरचं जाड टोक तिन्ही एकत्र धरायचं. खिळ्याऐवजी मी रिकाम्या बॉलपेन रिफिलचा धुतलेला तुकडा वापरतो. लीडरचं वीतभर टोक मोकळं ठेवून तिन्हींभोवती सहा वेढे एकमेकांना चिकटून घ्यायचे, टोक नळीतून उलट बाहेर काढायचं, नळी हळूच ओढून घ्यायची आणि दोन्हीकडून ताणायचं. वेढे दोराच्या लेपात रुततात आणि पकड बसते. ताणण्यापूर्वी थुंकी लावून ओलं करायचं, कारण कोरडा नायलॉन घासून तापतो आणि तापला की कमकुवत होतो. वेढे एकमेकांवर चढले तर गाठ कापून पुन्हा मारायची.

दुसरा, सुईची गाठ. यात लीडर दोराच्या बाजूने न निघता मधोमध निघतो. दोराच्या टोकातून सुई आत घालायची आणि पाच-सहा मिलिमीटरवर बाजूने बाहेर काढायची. लीडरचं टोक ब्लेडने तासून बारीक करायचं, त्या भोकातून ओवायचं आणि मग खिळ्याच्या गाठीसारखे वेढे द्यायचे. हा जोड रॉडच्या कड्यांमधून न अडकता सरकतो. मात्र वेळ लागतो, उजेड लागतो आणि नजर चांगली लागते. घरी टेबलावर बसून करायचं काम आहे हे, नदीकाठी नव्हे.

तिसरा, विणलेली नळी. बारीक तंगुसाची पोकळ वीण असलेली नळी मिळते, तिच्या एका टोकाला फास तयार असतो. दोराचं टोक त्या नळीत इंच-दोन इंच सरकवायचं. नळी ओढली की लांबते आणि आवळते, म्हणजे जितकं ओढाल तितकी पकड घट्ट. तोंडावर एक छोटी हीट-श्रिंक नळी बसवायची, म्हणजे वीण उसवत नाही. सोल्डरिंग केलेल्या इंजिनियर मंडळींना ही वस्तू ओळखीची आहे. हा जोड सोपा आहे, पण वीण पाणी धरून ठेवते आणि खाऱ्या पाण्यात दोन-तीन दिवस वापरल्यावर तपासावी लागते.

चौथा, फासात फास. हल्ली बहुतेक दोर कारखान्यातूनच टोकाला वितळवून केलेला फास घेऊन येतात. लीडरलाही फास करायचा. लीडरचा फास दोराच्या फासावर चढवायचा, लीडरचं दुसरं टोक दोराच्या फासातून ओवून घ्यायचं आणि ओढायचं. दोन्ही फास एकमेकांत असे बसले पाहिजेत की दोन माणसांनी हात मिळवल्यासारखे दिसावेत. एक फास मागे दुमडून दुसऱ्याला गळफास लावल्यासारखा बसला, तर बारीक तंगूस दोराचा लेप कापतो. ओढण्यापूर्वी बोटाने सारखं करून घेतलं की झालं. लीडर बदलायला अर्धा मिनिट पुरतो.

जोड कुठलाही करा, घरीच ओढून बघा. आपल्या सगळ्यांकडे विमानाच्या बॅगा तोलायचा डिजिटल काटा असतोच. दोराचं टोक हाताला रुमालात गुंडाळून धरायचं, लीडरला काटा अडकवायचा आणि हळूहळू आठ किलोपर्यंत ओढायचं. जो जोड अंगणात टिकत नाही, तो नदीत काय टिकणार?

तुयेसाठी मी चौथा जोड ठरवला, कारण मुळांत आणि कालवांत लीडर वारंवार झिजतो आणि बदलावा लागतो. एक पथ्य मात्र पाळावं. थंड पाण्यासाठी केलेला दोर गोव्याच्या उन्हात मऊ आणि चिकट होतो, हवेत नीट उलगडत नाही. उष्ण प्रदेशासाठी वेगळा, कडक दोर मिळतो, तोच न्यावा.

तिथीची पाऊणपट

सामान तयार झाल्यावर मी फोनवर भरतीची वेळ बघायला लागलो. मामा म्हणाला, "पयलीं पाणी पळय, मागीर गांठ मार." आणि त्याने भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघितली. दशमी होती. "साडेसात," तो म्हणाला.

हा कोकणातला जुना हिशोब. तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ येते. दशमीची साडेसात, चतुर्थीची तीन. शुद्ध पक्ष असो की वद्य, सकाळ असो की रात्र, हिशोब तोच. मी कागदावर मांडून पाहिलं. अमावस्येपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तासांनी सरकते, म्हणजे तिथीला ४८ मिनिटं. जुन्या लोकांनी ती ४५ धरली, कारण पाऊणपट तोंडी करता येते. खाडीच्या तोंडापेक्षा वर गावात भरती थोडी उशिरा पोचते, तेवढा फरक गावागावातले लोक मनात धरतात. अमावस्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, अष्टमीला कमी. गरवायला मामाला आवडते ती ओहोटी लागल्यावरची पहिली दीड-दोन तासांची वेळ, मानस उघडल्यानंतरची.

दुसऱ्या दिवशी एकादशी, म्हणजे सव्वाआठ. मी आणि मामेभावाची सातवीतली मुलगी बांधावर गेलो. मामा आला नाही. "तुमी वचात," एवढंच म्हणाला.

पाठीमागे माड आणि खारफुटी असल्यामुळे दोर मागे फेकायला जागा नव्हती. समोरच पाण्यावर दोर गुंडाळत फेकावा लागत होता. साडेनऊच्या सुमाराला मानशीतून पाणी जोरात बाहेर यायला लागलं, आणि पांढऱ्या-हिरव्या माशीला एक छोटी चणक लागली. फार तर फूटभर. मी ती पाण्यातच धरून, गळ काढून सोडली.

घरी आल्यावर मामा हसला. "नुस्तें सोडून दिवपाक हांगा आयलो तूं?" मग स्वतःच पुढे म्हणाला की एवढीशी चणक तोही सोडतो. पहिल्या पावसानंतर तिची पिल्लं मानशीतून खाजनात शिरतात, तिथे वाढतात, त्यांना घेऊन काय करायचं? विज्ञानही हेच सांगतं. चणक खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात अंडी घालते आणि पिल्लं वाढायला आत गोड्या-मचूळ पाण्यात येतात. शिवाय हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो. लहान सगळेच काढले तर पुढे माद्या येणार कुठून? खाजनाचा बांध फुटला आणि मानस मोडली, तर शेताबरोबर हा पाळणाही जातो. विमानतळ आणि रुंद रस्त्यांमुळे इथल्या जमिनीचे भाव चढले आहेत. बांध राखण्यापेक्षा जमीन विकणं सोपं वाटावं असे दिवस आहेत, ही काळजी तुयेत घरोघरी ऐकू येते.

मामाचे फास

मामा का आला नाही, हे मामीने सांगितलं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. बोटं थोडी थरथरतात. मुळांत अडकून सकाळभरात तीन-चार गऱ्या तुटतात, आणि प्रत्येक वेळी पहाटेच्या अंधुक उजेडात तंगूस ओवून गाठ मारावी लागते. ती त्याला आता जमत नाही. दुसऱ्या कुणाला "गाठ मारून दे" म्हणणं त्याच्या स्वभावात नाही. दोन वर्षं त्याने गरीच हातात घेतलेली नव्हती. ज्या माणसाने गावातल्या निम्म्या पोरांना पाढे शिकवले, तो नजर कमी झाली म्हणून नदीवर जायचं सोडून बसला होता, आणि आम्हाला परदेशात फोनवर "सगळें बरें आसा" एवढंच ऐकू येत होतं.

त्या दुपारी मी त्याची लाकडी फिरकी मागून घेतली. मुख्य तंगुसाच्या टोकाला, शिशाच्या खाली, चार बोटं लांबीचा एक मोठा फास बांधला. मग दीड-दीड फूट तंगुसाचे तुकडे कापले, प्रत्येकाच्या एका टोकाला गरी आणि दुसऱ्या टोकाला फास. चौथाच जोड, फक्त माशीच्या सामानाऐवजी गावच्या गरीसाठी. तुकड्याचा फास मोठ्या फासावर चढवायचा, गरी मोठ्या फासातून घालायची आणि ओढायचं. फास मोठा असल्यामुळे गरी टोचत नाही, आणि हे सगळं बोटांना कळतं, डोळ्यांची गरज नाही. तुटलं तर उरलेला तुकडा काढून दुसरा लावायचा.

मामाने आधी "दोळ्यांक दिसना रे आतां" म्हणून बाजूला सारलं. मग संध्याकाळी सोप्यावर दिवा न लावता एकटाच बसून त्याने चार-पाच वेळा जोडून पाहिलं. पहिल्या दोनदा फास दुमडला. मुलीने त्याचं बोट धरून फास कुठे सपाट बसतो ते दाखवलं. नंतर जमलं. मग तो मास्तर झाला आणि फास किती लांबीचा हवा, तंगूस कुठल्या जाडीचा हवा, यावर आमची दोघांची शिकवणी घेतली. बरोबरच होतं त्याचं. माझा तंगूस जरा जाड होता आणि मुळांत अडकल्यावर तुकड्याऐवजी मुख्य दोर तुटला असता. गरीकडचा तुकडा मुख्य तंगुसापेक्षा थोडा कच्चाच हवा, म्हणजे नुकसान तेवढ्यावर थांबतं. आम्ही पुन्हा सगळे बांधले. तीस तुकडे झाले, ते एका पत्र्याच्या डब्यात पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवले.

त्रयोदशीला, पावणेदहाच्या भरतीनंतर, मामा आमच्याबरोबर बांधावर आला. त्याने दोन तुकडे घालवले, दोन्ही वेळा स्वतः नवे जोडले. साडेअकराच्या सुमाराला त्याला एक तांबोशी लागली, किलोला जरा कमी. ती मात्र सोडली नाही. मामीने तिचं सोलं घालून हुमण केलं. जेवताना मामा मला नदीच्या कुठल्या कोपऱ्यात कुठल्या महिन्यात काय मिळतं ते सांगत होता आणि मुलगी शाळेच्या वहीत लिहून घेत होती.

आता तुकडे बांधायचं काम तिच्याकडे आहे. दर रविवारी ती दहा बांधते आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवते. वेढे कुठे चढले असतील तर मी सांगतो, आणि ती कापून पुन्हा बांधते.

जाणार असाल तर

मोपाहून गाडीने अर्ध्या-पाऊण तासात तुयेला पोचता येतं, म्हापशाहून कोलवाळचा पूल ओलांडून. मुलांना घेऊन जायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. मानशीवर मासे धरायचा हक्क लिलावाने दिलेला असतो, त्यामुळे तिथे गळ टाकण्यापूर्वी ज्याच्याकडे हक्क आहे त्याला विचारावं. एरवी बांधावर किंवा धक्क्यावर कुणी ना कुणी गरवताना भेटतोच, त्याच्याशी बोलावं. अनवाणी चिखलात उतरू नये, कालवांनी पाय फाटतो. खाऱ्या पाण्यात वापरलेला दोर, रीळ आणि कडी त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवावीत. तुटलेला तंगूस तिथे टाकू नये, त्यात बगळे आणि खंड्या अडकतात.

आणि गावी तुमचे कुणी मामा, काका, आजोबा गरवायचे आणि आता जात नसतील, तर का जात नाहीत ते एकदा घरातल्या दुसऱ्या कुणाला विचारून बघा. बॅगेत तंगुसाचं एक रीळ टाकून न्या. वजन फार नसतं.